सुट्टीत कुठे जायचे? त्रिरश्मी, बाग आणि गंगेचा घाट

जयंतीचा मांडव उतरला, निळ्या पताका गुंडाळून विहाराच्या कपाटात गेल्या, शाळेच्या परीक्षा आटोपल्या, की आमच्या नाशिकच्या वस्तीत एक प्रश्न दरवर्षी उगवतो. मागच्या उन्हाळ्यात तो शेजारच्या चौथीतल्या मुलीने मला विचारला. मी ऑफिसातून येऊन गाडी लावत होतो. ती ओट्यावर पाय हलवीत बसली होती. म्हणाली, "काका, वर्गातली सगळी पोरं मामाच्या गावाला गेली. आमचा मामा तर मागच्या गल्लीत राहतो. मग आम्ही कुठं जायचं?"

मला हसू आले आणि लगेच विरले. पुस्तकातला मामा नेहमी खेड्यात राहतो, त्याच्या दारी आंबा असतो, विहीर असते. आपल्यापैकी बहुतेकांचे गाव दोन पिढ्यांमागेच सुटले. कुणी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये लागले, कुणी रेल्वेत, कुणी देवळालीच्या छावणीत. पुढे सातपूर-अंबडच्या कारखान्यांनी पोटाला आधार दिला. गावात शेत नव्हतेच. राजवाड्यातली खोली होती, तीही एका पावसाळ्यात बसली. बाबासाहेबांनी शहराकडे चला म्हणून सांगितले, आपण आलो आणि सुधारलो, यात शंका नाही. परंतु पत्र्याच्या दहा बाय बाराच्या खोलीत मे महिन्याची दुपार कशी जाते, हे तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक. मोठी माणसे कामावर असतात. मुले पत्र्याखाली किंवा रस्त्यावर.

विहारातल्या रविवारच्या बैठकीत मी विषय काढला की या वेळी वस्तीतल्या मुलांना आणि त्यांच्या आयांना एक दिवस बाहेर काढू. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "अहो, अभ्यासवर्ग घ्या, व्यसनमुक्तीवर बोला. सहल ही पैसेवाल्यांची चैन. त्यात कसले समाजकार्य?" त्यांचा मी आदर करतो. पण त्या दिवशी गप्प बसवले नाही. मी विचारले, "भगवान बुद्धांचा जन्म कुठे झाला? लुंबिनीच्या वनात. बिंबिसार राजाने संघाला पहिले दान काय दिले? वेळुवन. अनाथपिंडिकाने जेतवन घेतले, आम्रपालीने आंबराई दिली. महापरिनिर्वाण दोन शालवृक्षांमध्ये. आपल्या धम्माचा सगळा इतिहास झाडांखाली घडला, आणि आपली पोरे झाडाखाली बसली तर ती चैन?" बैठकीत महिला मंडळाच्या भगिनी जास्त होत्या. ठराव लगेच मंजूर झाला.

ठरले ते असे. सकाळी त्रिरश्मी लेणी, दुपारी शहरातली एखादी बाग, संध्याकाळी गंगेचा घाट. (बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) चौतीस माणसे जमली, त्यांत एकोणीस मुले. मोठ्यांना शंभर रुपये, मुलांना चाळीस. डबा ज्याचा त्याचा. कुणी भाकरी आणि खर्डा, कुणी दशम्या, कुणी उकडलेली अंडी, कांदे आणि भेळभत्त्याचा पुडा. हिशेबाची वही माझ्याकडे. आणि माझी आई.

आई सत्तरीची आहे. सगळे आयुष्य बिड्या वळण्यात गेले. तेंदूची पाने कापता कापता बोटांची पेरे वाकली आहेत. तिला 'फिरायला चल' म्हटले की ती म्हणते, "फिरायचं काय त्यात? कामाला गेलं की फिरनं होतंयच." नाशिक जिल्ह्यात जन्मून, नाशकात पन्नास वर्षे काढून तिने त्रिरश्मी फक्त मुंबईच्या गाडीतून पाहिली होती. या वेळी त्या चौथीतल्या मुलीने तिचा हात धरला, म्हणून ती आली.

त्रिरश्मी म्हणजेच लोक ज्याला पांडवलेणी म्हणतात तो डोंगर. शहरापासून सात-आठ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून. पांडवांचा आणि या लेण्यांचा काडीचा संबंध नाही. शिलालेखांत या डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे येते. चोवीस लेण्यांचा हा समूह इसवी सनापूर्वीच कोरायला सुरुवात झाली आणि पुढे काही शतके काम चालू राहिले. २०२१ मध्ये तिथे साफसफाई करताना आणखी काही लहान लेणी उजेडात आली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचले असेल. पायथ्याशी बुद्ध स्मारक आहे. त्याच्या आवारात २०२३ च्या अशोक विजयादशमीला श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या महाबोधिवृक्षाचे रोप लावले गेले. शेजारीच दादासाहेब फाळके स्मारकाची बाग आहे आणि वन खात्याचे नेहरू वनोद्यानही जवळच. म्हणजे एका बसमध्ये तीन-चार ठिकाणे होतात.

वर चढायला सुमारे दोनशे पायऱ्या आहेत. उन्हाळ्यात जाणाऱ्यांनी सकाळी आठच्या आत पायथा गाठावा, म्हणजे साडेआठ-नऊला माणूस लेण्यांच्या सावलीत असतो. लेणी डोंगराच्या उत्तर अंगाला कोरलेली आहेत, त्यामुळे बाहेर ऊन रणरणत असले तरी ओवरीत गारवा असतो. कोरणारांनी हा विचार केला असणार. लेण्यांचे तिकीट आहे, पण पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही. ही गोष्ट कित्येकांना माहीत नसते. कडेकपारीत मधमाश्यांची पोळी असतात, म्हणून तिथे धूर करू नये, अत्तर-सेंट लावून जाऊ नये आणि मुलांना दगड मारू देऊ नयेत.

आई दर वीस पायऱ्यांनी बसत होती. मी म्हणालो, "आई, इथेच सावलीला थांब, आम्ही जाऊन येतो." ती उठली आणि पुढे निघाली. मग मी पुन्हा बोललो नाही.

आता मी ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या दहा क्रमांकाच्या लेण्याकडे येतो. हे लेणे नहपान राजाचा जावई उषवदात याने संघाला दिले. काळ सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. ओवरीच्या भिंतीवर, छताखाली, ब्राह्मी अक्षरांच्या ओळी आहेत. बरेच लोक त्यापुढे उभे राहून फोटो काढतात आणि निघून जातात. मी बी.कॉम. झालेला कारकून माणूस. पहिल्यांदा त्या लेखाचे भाषांतर वाचले तेव्हा माझा विश्वास बसेना, कारण त्यात चक्क हिशेब आहे.

उषवदाताने तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, कायमची ठेव म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेण्यांकडे ठेवली. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ, आजच्या सोसायटीसारखा. त्यातील दोन हजार एका श्रेणीकडे, व्याज दरमहा शेकडा एक. उरलेले एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, व्याज दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल कधी परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे.

मी मुलांना ओवरीत बसवले आणि हिशेब करायला लावला. दोन हजारांवर शेकडा एक, म्हणजे महिन्याला किती? वीस. वर्षाला? दोनशे चाळीस. वीस भिक्खू, प्रत्येकी बारा? आठवीतल्या मुलाने बोटे मोडली आणि ओरडला, "दोनशे चाळीस!" एक नाणे कमी नाही, एक जास्त नाही. अख्ख्या ओवरीत पोरांचा गलका झाला. ज्यांना गणित म्हटले की पोटात गोळा येतो ती मुले दुसऱ्या रकमेचे व्याज काढायला लागली. (हजारावर पाऊण टक्का, म्हणजे महिन्याला साडेसात आणि वर्षाला नव्वद. वाचकांनी घरी मुलांकडून करून घ्यावे.) त्या ठेवीच्या लेखात महिना दिला आहे तो वैशाख. आम्हीही वैशाखातच तिथे बसलो होतो.

त्याच लेण्यात दुसरा लेख आहे, तो आपल्या आजच्या विषयाचा. त्यात उषवदाताने कुठे कुठे काय केले त्याची यादी आहे. भरुच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा या ठिकाणी त्याने प्रवाशांसाठी चौसोपी विश्रांतिगृहे बांधली, आणि 'आराम, तडाग, उदपान' केले. तडाग म्हणजे तळे, उदपान म्हणजे विहीर, आणि आराम म्हणजे बाग. 'संघाराम' या शब्दात तोच आराम आहे. तापी, दमण, पारा अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर लोकांना बसण्यासाठी सभा आणि पाण्यासाठी 'प्रपा' उभारल्या. आपल्या पाणपोईतली 'पोई' या प्रपेपासूनच आली, असे भाषेचे जाणकार सांगतात. खरे तेच सांगायचे तर याच लेखात त्याने ब्राह्मणांना दिलेल्या दानाचीही मोठी यादी आहे. लपवण्याचे कारण नाही, दगडावर आहे ते आहे. पण गोवर्धन म्हणजे आपल्या नाशिकच्या शेजारचे, गंगापूर रस्त्यावरचे, आजही त्याच नावाचे गाव. म्हणजे या परिसरात सर्वांसाठी बाग केल्याची आणि पाण्याची सोय केल्याची नोंद याच डोंगरावर आहे.

नुसते राजे आणि जावईच नाहीत. आठव्या लेण्यावर मुगुदास नावाच्या उपासकाचे कुटुंबासह दान कोरले आहे. काही अभ्यासक त्याला मासे धरणारा कोळी मानतात. अकराव्या लेण्यावर शिवमित्राचा मुलगा रामणक याचे नाव आहे, आणि त्याचा धंदा दिला आहे 'लेखक'. लेखक म्हणजे त्या काळचा कारकूनच की! मी मुलांना म्हणालो, "हे आमच्या खात्यातले." आई भिंतीला टेकून ऐकत होती. तिने विचारले, "बिड्यावाल्या बाईचं नाव हाय का कुठं?" मी म्हणालो, तेव्हा बिड्या नव्हत्या. "मग बरंय," ती म्हणाली.

अठराव्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात, आम्ही त्रिसरण-पंचशील घेतले. तिथे आवाज घुमतो. एकोणीस पोरांचा आवाज शंभर जणांसारखा वाटला. खाली उतरताना मात्र पायऱ्या तापल्या होत्या. पुढच्या वेळी साडेदहाच्या आत उतरायचे, अशी नोंद मी वहीत केली आहे.

आता दुपारचे सांगतो, आणि ते सांगताना जरा जड जाते.

शहरातल्या एका बागेत आम्ही डबे खाणार होतो. ती कोणती, ते लिहीत नाही, कारण फाटकावरचा माणूसही पोटासाठीच उभा होता. बाग उघडी होती. आत चार-पाच कुटुंबे दिसत होती. आमचा जथा पाहून तो पुढे आला. "कुठल्या वस्तीचे? एवढी पोरं आत नाही चालणार. झाडं मोडतात, घाण करतात." आमच्या डोळ्यांदेखत एक गाडी थांबली, तीन मुले आणि दोन बायका उतरल्या, आणि त्यांना न विचारता फाटक उघडले गेले. आमची मुले शांत उभी होती. एवढी शांत मी त्यांना दिवसभरात पाहिली नव्हती. त्या चौथीतल्या मुलीने हातातली पाण्याची बाटली पाठीमागे लपवली. का लपवली, ते तिला सांगता आले नसते. मला मात्र कळले.

आमच्यातला एक तरुण पुढे सरसावला. मी त्याला मागे घेतले आणि विचारले, "साहेब, नियमांचा फलक कुठे आहे?" फलक होता. आम्ही सगळ्यांनी मिळून तो मोठ्याने वाचला. कचरा करू नये, फुले तोडू नयेत, प्राणी आणू नयेत. किती मुले किंवा कुठल्या वस्तीची, यावर एक अक्षर नव्हते. मग मी वही उघडली आणि म्हणालो, "आपण आम्हाला का अडवता, ते यात लिहून सही करून द्या. आम्ही निघून जातो." त्याने फोन लावला, दोन मिनिटे बोलला, आणि फाटक उघडले.

वाचक बंधू-भगिनींनो, इथे एक गोष्ट मुद्दाम लिहितो. संविधानाचे कलम १५ आपण भाषणांत पुष्कळदा ऐकतो. त्याचा दुसरा खंड काढून वाचा. शासनाच्या पैशातून पूर्ण किंवा काही अंशी चालणाऱ्या, किंवा सर्व जनतेसाठी राखलेल्या विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते आणि लोकांच्या वावराच्या जागा यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कुणाही नागरिकाला अडवता येत नाही. बाग ही लोकांच्या वावराची जागा, आणि घाट तर नाव घेऊनच लिहिला आहे. हे शब्द तिथे सहज आलेले नाहीत. मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली सी. के. बोले यांनी सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचा ठराव मांडला, तो मंजूरही झाला. तरीदेखील महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायला १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. कागदावरचा हक्क आणि हातातली ओंजळ यांच्यात केवढे अंतर असते, ते बाबासाहेबांना पक्के ठाऊक होते.

फाटकावरच्या माणसाने आमची जात विचारली नव्हती, हे खरे. त्याने वस्ती विचारली. पण ती बाटली पाठीमागे गेलीच.

आत झाडांखाली बसून आम्ही डबे खाल्ले. निघताना महिला मंडळाच्या भगिनींनी मुलांकडून कागदाचा कपटा न् कपटा गोळा करवला. तो कचरा पिशवीत भरून फाटकावरच्या माणसाच्या हाती दिला, तेव्हा तो म्हणाला, "ताई, राहू द्या, मी टाकतो." त्यालाही आम्ही दोन दशम्या दिल्या. त्याने घेतल्या.

पुढच्या आठवड्यात मी संबंधित ठिकाणी अर्ज केला. मागण्या दोनच: एप्रिल-मेमध्ये बाग दुपारीही रोज उघडी ठेवावी, आणि पिण्याच्या पाण्याची सोय करावी. बऱ्याच बागा सकाळी आणि संध्याकाळी उघडतात आणि दुपारी त्यांना कुलूप असते. बंगल्यातल्या माणसाला ते चालते, त्याला सकाळी चालायचे असते. पत्र्याच्या खोलीतल्या मुलाला सावली लागते ती बारा ते चार. माझ्या तीस वर्षांच्या कागदी अनुभवातून... चुकलो, बावीस वर्षांच्या... एक सल्ला देतो. अर्ज नेहमी दोन प्रतींत करावा, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावा. तोंडी आश्वासनाला फाईल नसते. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली (२००५ चा कायदा) दहा रुपयांत विचारता येते की माझ्या अर्जाचे काय झाले. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही दहा रुपये लागत नाहीत. आमच्या दोन अर्जांनंतर पाण्याची टाकी बसली. दुपारचे कुलूप अजून आहे.

तोवर महिला मंडळाने स्वतःच्या बळावर वस्तीच्या तोंडाशी, लिंबाच्या झाडाखाली दोन माठांची पाणपोई सुरू केली आहे. तिथे कुणालाही पाणी मिळते. माझ्या आईने पहिल्या दिवशी माठ भरताना सांगितले की तिच्या लहानपणी गावातल्या पाणपोईवर आपल्या लोकांना भांडे मिळत नसे. खाली वाकून ओंजळ धरायची, वरून पाणी ओतले जाई. निम्मे पाणी कोपरावरून मातीत. आमच्या पाणपोईवर साखळी न लावलेले सहा पेले आहेत. आतापर्यंत एकच हरवला.

इतर ठिकाणांबद्दल थोडक्यात. सोमेश्वरचा धबधबा पावसाळ्यातला. उन्हाळ्यात खडक उघडे पडतात आणि खड्ड्यांत साचलेल्या पाण्याचा अंदाज येत नाही. गंगापूर धरणावर वारा छान लागतो, पण पाण्यात उतरू नये. दर उन्हाळ्यात बुडण्याच्या बातम्या येतात आणि त्यांत पोहायला शिकायची संधी न मिळालेली आपलीच मुले असतात. निफाड तालुक्यातले नांदूरमध्यमेश्वर, जिथे गोदावरी आणि कादवा मिळतात, ते पक्ष्यांसाठी नावाजलेले आहे. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. मात्र परदेशी पाहुणे हिवाळ्यात येतात, तेव्हा ती सहल डिसेंबर-जानेवारीसाठी राखून ठेवावी. तपोवनात पूर्वी आम्ही झाडीखाली बसत असू. २०२५ च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या तयारीसाठी तिथली झाडे तोडण्यावरून शहरात मोठा वाद झाला. मोगलांच्या काळात या शहराला गुलशनाबाद म्हणत, म्हणजे फुलांचे शहर. ज्यांच्या खोलीत एसी नाही त्यांचा एसी म्हणजे झाड, एवढेच मी त्यावर म्हणेन.

संध्याकाळी साडेपाचला आम्ही गंगेवर पोहोचलो. उन्हाळ्यात नदी बारीक असते, धरणातून सोडतील तेवढीच. जागोजागी पाणवेली, नाल्यांचे पाणीही मिसळते, त्यामुळे हे पाणी कुणी तोंडात घेऊ नये. पण घाटाच्या पायऱ्या रुंद, वारा मोकळा, आणि बसायला पैसे पडत नाहीत. मुले दुतोंड्या मारुतीकडे बोट दाखवून पुराच्या गप्पा मारू लागली. पावसाळ्यात पाणी त्याच्या कमरेला लागले की छातीला, यावर नाशिककर पूर मोजतात. बर्फाचे गोळे झाले. आई मात्र वरच्या पायरीवरच बसून राहिली.

मी तिला खाली बोलावले. "नको," म्हणाली. "मामंजी कधी उतरले न्हाईत."

मामंजी म्हणजे माझे आजोबा. १९३० मध्ये ते पंधरा-सोळा वर्षांचे होते. २ मार्चला काळाराम मंदिराच्या सत्याग्रहासाठी हजारोंची मिरवणूक निघाली तेव्हा ते खेड्यातून पायी आले होते. मंदिराचे दरवाजे बंद होते. मिरवणूक तिथून वळून गोदावरीच्या घाटावर आली आणि घाटावरच सभा झाली. त्याच रात्री अहिंसक सत्याग्रह पुढे चालवायचे ठरले. दुसऱ्या दिवशी पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी तो लढा हाताळला आणि सुमारे पाच वर्षे तो चालला. मंदिर उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. आजोबा म्हणत, "त्या घाटावर मी रात्रभर बसलो. तहान लागली होती. पाणी चार पायऱ्यांवर होतं. उतरलो नाही." पुढे धम्म घेतल्यावर तर त्या पाण्याशी त्यांचा संबंधच संपला. आम्ही मुले कधी गंगेवर खेळायला गेलो तर रागावत नसत, पण स्वतः पुलावरून पलीकडे जात.

मी आईशेजारी बसलो. कलम १५ वगैरे तिला काही सांगितले नाही. आम्हाला त्या पाण्यात पाप धुवायचे नव्हते आणि पुण्यही नको होते. तिच्या पायांना मात्र दोनशे पायऱ्यांनी फोड आले होते.

तेवढ्यात ती चौथीतली मुलगी ओल्या पायांनी वर आली. "आजी, लई गार हाय. चल ना." आईने माझ्याकडे पाहिले. मी नदीकडे पाहत राहिलो. मग तिने लुगडे आवरले, मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि एक एक पायरी मोजत उतरली. शेवटच्या पायरीवर बसून तिने दोन्ही पाय पाण्यात सोडले. बराच वेळ बसली. अंधार पडायला लागला, बसची वेळ झाली, तरी उठेना. मी हाक मारली तेव्हा म्हणाली, "थांब रे जरा. घाई कुनाला हाय?"

हिशेबात पंच्याऐंशी रुपये उरले होते. ते विहाराच्या दानपेटीत टाकून पावती वहीला लावली आहे. यंदा वैशाख पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी पुन्हा निघायचे ठरले असून नावनोंदणी चौपन्नपर्यंत गेली आहे. पहाटे साडेसहाला विहारापाशी जमायचे. आईने आपले नाव स्वतः येऊन पहिल्या क्रमांकावर लिहून घेतले, आणि त्यापुढे मला कंसात लिहायला लावले: दुपारची बाग उघडी आहे की नाही ते आधी विचारून ठेवणे.